ओळखीच्या माणसाची भीती

रहस्यकथेच्या वाचकाला एक सवय जडलेली असते. पहिला खून पडला की तो मनातल्या मनात संशयितांची यादी करू लागतो, आणि शेवटच्या पानापर्यंत लेखकाशी त्याची पैज चालते. या कादंबरीत ती पैज लागत नाही. एका नवरा-बायकोच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस कोण, हे इथे पहिल्याच प्रकरणात कळते. तो कुठल्या आळीत राहतो, कुठल्या कंपनीत कामाला होता, संध्याकाळी कोणत्या टपरीवर उभा असतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. चांगल्या घरचा मुलगा, बोलायला गोड, कोणाच्याही मयताला पहिला हजर. अशा माणसाबद्दल तक्रार करायची म्हणजे नेमके काय सांगायचे, आणि कोणाला? सगळी कादंबरी या एका अडचणीवर उभी आहे.

मराठीत रहस्यकथा उदंड आहेत, भयकथाही कमी नाहीत. पण एखाद्या जोडप्याच्या संसारावर डोळा ठेवून बसलेला, ओळखीचा, दिवसाढवळ्या दिसणारा माणूस हा विषय आपल्या कादंबरीने फारसा मनावर घेतला नाही. तो रंगभूमीने घेतला, सिनेमाने घेतला, आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांनी तर रोजच घेतला. म्हणून नव्या वाचकासाठी थोडे मागे जाणे भाग आहे. जाण्यापूर्वी माझे म्हणणे सांगून टाकतो. अशा कथेत पाठलाग करणाऱ्यावर सगळ्यांचे लक्ष असते; मला मात्र ती कायम नवऱ्याची गोष्ट वाटत आली आहे. बायको सांगते आहे ते त्याला पहिल्यांदा खरे वाटते, दुसऱ्यांदाही वाटते. सातव्यांदा वाटते का?

आपल्याकडचा पाठलाग करणाऱ्यांचा मूळपुरुष विराटपर्वात भेटतो. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या महालात नोकरीला राहिली आहे आणि राणीचा भाऊ, राज्याचा सेनापती कीचक, तिच्या मागे लागला आहे. तो कोणी वाटसरू नव्हे, मालकिणीचा भाऊ आहे. सुदेष्णा सगळे समजून-उमजून, मद्य आणायच्या निमित्ताने सैरंध्रीला त्याच्याच घरी पाठवते. ती तिथून निसटून राजसभेत धाव घेते, तर तो मागोमाग येऊन भर सभेत तिला लाथ मारतो. विराट राजा म्हणतो, तुमचे आपसात काय झाले ते मी पाहिलेले नाही, मग निवाडा कसा करू? त्याच सभेत कंकाच्या वेषात युधिष्ठिर बसलेला आहे. तिचा नवरा. अज्ञातवास उघडा पडेल या धास्तीने तो तिलाच आत जायला सांगतो. पोलिस ठाणे, सासर, सोसायटीची मीटिंग या तिन्ही ठिकाणी आज जे ऐकू येते ते जवळजवळ सगळे या एका सभेत बोलून झालेले आहे. रात्री ती उठून मुदपाकखान्यात भीमाकडे जाते, आणि पुढचे सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यांना माहीत आहे, हेच तर त्यातले मर्म. नर्तनशाळेच्या अंधारात पलंगावर सैरंध्री नसून भीम आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, कीचकाला नसते. कीचक अंगाला सुगंध लावून, सजून, हसत आत येतो आणि आपला श्वास अडकतो. गुन्हेगार कोण हे दडवून रहस्यकथा वाचकाला खिळवते. थरारकथा सगळे पत्ते उघडे ठेवून खिळवते. दुसरे काम जास्त कठीण.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांना हे उमगले होते. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने त्यांचा ‘कीचकवध’ रंगमंचावर आणला तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही ते समजले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. राजकीय नाटक म्हणून त्याचा गौरव झाला, तो रास्तच आहे. मात्र त्या गौरवात सैरंध्री भारतमाता झाली ती झालीच. मागे लागलेल्या बड्या माणसापुढे उभी राहिलेली विवाहित बाई म्हणून तिच्याकडे पाहायचे राहून गेले. १९२० साली बाबुराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, तेव्हा कीचकवधाचे दृश्य इतके भयंकर वाटले की ते कापावे लागले. चर्चा पुन्हा वधाचीच झाली. वधाआधीच्या दिवसांची, म्हणजे ती रोज सकाळी उठून त्याच महालात कामाला जात होती त्या दिवसांची, चर्चा कोणी केली नाही.

कादंबरीने तोवर निराळी वाट धरली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. मराठी कादंबरी नुकती कुठे बोलू लागली होती आणि तेव्हाच तिने सद्गुणी नायिका, नवऱ्याशी ताटातूट, कारस्थानी खलपुरुष, संकटांमागून संकटे आणि अखेरचे मीलन असा सगळा सरंजाम गोळा केला. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना प्राचीन भारताचा पोशाख चढवला, आणि ‘कालिकामूर्ती’सारख्या पुस्तकांनी वाचकांची झोप उडवली. या अद्भुताच्या घराण्यात संकट नेहमी उंबऱ्याबाहेर असते. घर सोडले की सुरू होते, घरी परतले की संपते.

मग बाबुराव अर्नाळकर आले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. टोपणनावातले अर्नाळा ही कादंबरी जिथे घडते त्या मुरब्याच्याच किनाऱ्यावर, दक्षिणेला, आजच्या पालघर जिल्ह्यात आहे, ही गोष्ट या पुस्तकाच्या संदर्भात मला आवडते. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू अशी मंडळी घराघरांत पोचवली, आणि रोजच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या गल्लीबोळातल्या वाचनालयांना जगवले. त्यांच्या पाठोपाठ गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. समीक्षकांनी या सगळ्याकडे नाक मुरडून पाहिले. मी त्या समीक्षकांच्या बाजूचा नाही. भराभर वाचायला लावणारी वाक्यरचना मराठीत कोणी घडवली असेल तर या लोकांनी घडवली. पण त्यांच्या नायकाला संसार जवळजवळ नसतोच. असला तर तो कथेच्या आड येत नाही. गुन्हा बाहेर होतो, शोध बाहेर होतो, आणि नायकाच्या बायकोला ‘हे तू कालही म्हणाली होतीस’ असे कोणी ऐकवत नाही.

सुहास शिरवळकरांनी या चौकटीत तरुणांची बोली आणली. मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद हे त्यांचे नायक ऐटबाज आहेतच. पण माझ्या मते त्यांची खरी झेप ‘समांतर’मध्ये दिसते. आपले पुढचे आयुष्य कोणीतरी आधीच जगून गेला आहे हे कळलेला एक संसारी माणूस, आणि त्या वेडापायी त्याच्या घरात शिरत गेलेला अविश्वास. २०२० मध्ये त्यावर वेबमालिका आली आणि ज्यांनी शिरवळकरांचे एकही पुस्तक उघडले नव्हते त्यांनाही ती गोष्ट कळली.

भयकथेचे घराणे वेगळे. नारायण धारपांच्या कथांत दुष्ट शक्ती बाहेरून चालून येते आणि ‘समर्थां’सारखा कोणी जाणता तिला रोखतो. रत्नाकर मतकरींनी ही भीती मध्यमवर्गीय ब्लॉकमध्ये आणून ठेवली. त्यांच्या गूढकथांत शेजारी, पाहुणा, भाडेकरू यांच्यापैकी कोणीही घात करू शकतो, आणि पुष्कळदा घरातलाच माणूस करतो. श्रीकांत सिनकरांच्या पोलिसकथा तिसऱ्याच जातीच्या: खरे तपास, खरे ठाणे, आणि कंटाळवाण्या कागदपत्रांतून हळूहळू हाती लागणारा माणूस. प्रस्तुत लेखिका मतकरी आणि सिनकर या दोघांची वाचक आहे हे तिने सांगितले नसते तरी ओळखू आले असते.

जोडप्याची भीती खऱ्या अर्थाने आधी पडद्यावर दिसली. राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ आठवा. बायको गमावलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी एक बाई आरोपी म्हणून उभी राहते आणि सांगते, मी तुमचीच पत्नी. मग भर कोर्टात ती त्यांच्या संसारातल्या, दोघांनाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी बोलू लागते. काशिनाथ घाणेकरांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा आहे: हिला हे कसे कळले हा प्रश्न एका डोळ्यात, आणि ही खरेच तीच असली तर हा दुसऱ्या. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला. गाण्यांमुळे हिंदी सिनेमा जास्त लोकांच्या लक्षात राहिला, तरी खासगी संसाराचे तपशील परक्यांच्या तोंडी आले की काय होते हा चटका मराठीत अधिक बसतो.

रंगभूमीवर शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ने १९८५ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. इथे जोडप्याच्या मागे लागलेली व्यक्ती जिवंतच नाही. महाविद्यालयात नवऱ्यावर जीव जडलेली, आणि मरूनही त्याला न सोडणारी सविता त्याच्या बायकोच्या देहातून बोलते. रीमा यांनी ती भूमिका अशी केली की ज्यांनी पाहिली त्यांना नाटकाचे नाव घेतले तरी तोच आवाज आठवतो. भूतबाधेचा भाग सोडून दिला तरी त्यात उरते ते भयंकरच आहे: एकाच्या जुन्या आयुष्यातला माणूस दुसऱ्याच्या शरीरावर हक्क सांगतो, आणि ज्याच्यामुळे हे चालले आहे तो नवरा डॉक्टरांची बिले भरत राहतो. हिंदीत पुढच्या दशकात दोन टोके दिसली. १९९३ च्या ‘डर’ने पाठलाग करणाऱ्यालाच नायक करून टाकले, त्याच्या वेडावर प्रेक्षक फिदा झाले. १९९६ च्या ‘अग्निसाक्षी’त नाना पाटेकरांनी पहिल्या नवऱ्याची भूमिका केली, दुसरा संसार मांडलेल्या बायकोच्या मागे तो येतो तेव्हा त्याच्यावर फिदा होण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘डर’चे संवाद मात्र अजून लग्नाच्या वरातीत ऐकू येतात.

परदेशात हा विषय जुना आहे. जॉन डी. मॅक्डोनाल्ड यांच्या १९५७ च्या ‘द एक्झिक्यूशनर्स’वरून ‘केप फिअर’ दोनदा निघाला, १९६२ मध्ये आणि १९९१ मध्ये. तुरुंगातून सुटलेला माणूस एका वकिलाच्या कुटुंबाभोवती घिरट्या घालतो, आणि कायद्याचा माणूस असूनही वकिलाला काही करता येत नाही, कारण घिरट्या घालणे हा गुन्हा नाही. त्याहून मला मोठी वाटते ती इयन मॅक्युअन यांची १९९७ ची ‘एन्ड्युअरिंग लव्ह’. एका अपघाताच्या जागी भेटलेला तरुण जो नावाच्या लेखकाच्या मागे लागतो. तो म्हणतो, तुझेच माझ्यावर प्रेम आहे, तू फक्त कबूल करत नाहीस. या भ्रमाचे वर्णन द क्लेरांबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने शतकापूर्वी करून ठेवले आहे. मॅक्युअनची करामत अशी की जोची जोडीदारीण, शहाणी आणि त्याच्यावर प्रेम करणारी क्लॅरिसा, आलेल्या पत्रांकडे पाहते आणि तिला त्यातले अक्षर जोच्याच अक्षरासारखे वाटते. तिथून त्या घराचे वासे फिरतात. पाठलाग करणाऱ्याने अजून हातही उगारलेला नसतो.

आता कायद्याकडे वळतो. अमेरिकेत १९८९ मध्ये एका अभिनेत्रीचा तिच्या घराच्या दारात खून झाला आणि १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागाविरुद्ध पहिला कायदा केला. महाराष्ट्रात त्याच १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रातच जाळून मारण्यात आले. १९९८ मध्ये सांगलीतही एका मुलीचा खून झाला. प्रत्येक वेळी मोर्चे निघाले, अग्रलेख आले, आणि बातमीत ‘एकतर्फी प्रेमातून’ हेच शब्द छापून आले. खुनाला प्रेमाचे नाव द्यायची ही खोड आपल्या छापखान्यांनी अजून सोडलेली नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आले. स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणे, संपर्क साधणे, तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणे हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पण तो जामीनपात्र. दुसऱ्यांदा केला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. म्हणजे पहिल्यांदा तक्रार करणाऱ्या बाईला हे धरून चालावे लागते की माणूस सुटून त्याच आळीत परत येणार आहे. कादंबरीतले एक पूर्ण प्रकरण त्या परतीच्या संध्याकाळचे आहे आणि मला ते पुस्तकातले सर्वांत घट्ट विणलेले प्रकरण वाटते. त्यात काहीच घडत नाही. तो येतो, ओट्यावर बसतो, आईने दिलेला चहा पितो.

कायद्याच्या या कलमाला बाई दिसते, जोडपे दिसत नाही. नवऱ्याच्या फोनवर अनोळखी नंबरावरून येणारा फोटो, त्याच्या भावाच्या कानात घातलेली गोष्ट, सासूला देवळात भेटून केलेली ‘काळजी’ ही कलम ७८ मध्ये सरळ बसत नाही. धमकी असेल तर दुसरे कलम आहे, बदनामी असेल तर तिसरे. पण गोड शब्दांत केलेल्या काळजीला कलम नाही. पाठलाग करणाऱ्याला हे वकिलाइतके चांगले कळते. त्याला बाई मिळवायची नसतेच. तिला एकटी पाडायची असते, आणि त्यासाठी तिच्या नवऱ्याशी मैत्री केली तरी काम होते.

आणि हे सगळे मुरब्यात का? लेखिकेला हा प्रश्न मीही विचारला होता. आपल्या थरारकथेला महाबळेश्वरचा बंगला लागतो, पाऊस लागतो, वीज जावी लागते. मुरब्यात बंगला नाही. पालघर तालुक्यातले हे मांगेला मच्छीमारांचे गाव. दक्षिणेला खाडीपलीकडे पापलेटसाठी नावाजलेले सातपाटी, उत्तरेला नवापूर, दांडी आणि पुढे तारापूर. किनाऱ्याला डोल जाळ्यांच्या बोटी आणि बोंबील वाळवायच्या वलांडी, आणि मागच्या बाजूला बोईसरच्या एमआयडीसीची धुरांडी. १९६९ पासून तारापूरला अणुऊर्जा केंद्र आहे, त्याभोवती रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने वाढले, आणि कोळीवाड्यातल्या मुली बीएस्सी होऊन कंपनीच्या बसमध्ये बसू लागल्या. कादंबरीतली ती अशीच एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तो तिथलाच जुना सहकारी, बसमध्ये मागच्या सीटवर बसणारा. नवरा भावांच्या बोटीवर जातो.

आता हिशेब करून पाहा. बोट भरतीला सुटते आणि पाच-सहा दिवस परतत नाही. कंपनीची शिफ्ट दर आठवड्याला ठरलेल्या क्रमाने बदलते. १ जूनपासून पावसाळी बंदी, तेव्हा नवरा घरी. बंदी उठली की पुन्हा दर्या. या गावात एखादी बाई कोणत्या रात्री घरात एकटी असेल हे काढायला हेरगिरी लागत नाही. तिथीचे कॅलेंडर आणि शिफ्टचा तक्ता भिंतीवर टांगलेलाच असतो. घरांना घरे लागून, ओटे समोरासमोर, सगळ्यांचे लक्ष सगळ्यांकडे. शहरी वाचकाला वाटते, इतक्या डोळ्यांसमोर कोणी कोणाचा पाठलाग कसा करील? जिथे सगळेच एकमेकांकडे पाहतात तिथे एकाचे पाहणे वेगळे आहे हे सिद्ध कसे करणार, हा लेखिकेचा उलटा सवाल आहे.

याच जिल्ह्यात, गडचिंचल्याला, एप्रिल २०२० मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने तिघांचा जीव घेतला. अनोळखी माणसाच्या भीतीला इथे इतकी धार आहे. सध्या तर या पट्ट्यात अनोळखी माणसांची रीघ लागली आहे: वाढवणच्या बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले, मुरब्याच्या किनाऱ्यावरही बंदर प्रस्तावित आहे, मोजणीवाले येतात, दलाल येतात, त्यांच्याविरुद्ध गाव एक होते. ओळखीच्या माणसाविरुद्ध गाव एक होत नाही. या विरोधातून लेखिकेने कथेचा अर्धा ताण मिळवला आहे, आणि बंदराच्या बाजूने किंवा विरुद्ध भाषण न ठोकता मिळवला आहे. गावाच्या सभेत सर्वांत पुढे घोषणा देणारा तोच आहे. त्याला कोण काय म्हणणार?

दोन प्रसंगांबद्दल थोडे सांगतो, त्यांनी कथेचे गुपित फुटत नाही. बोंबील वाळत घालताना दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडी करतात आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकतात. एका सकाळी तिला दिसते की एका रांगेतली प्रत्येक जोडी सोडवून पुन्हा लावलेली आहे, शेपट्या वर. चोरी झालेली नाही, नासधूस झालेली नाही. सासू म्हणते, वाऱ्याने झाले असेल. नवरा म्हणतो, पोरांचे उद्योग. ठाण्यात गेली असती तर काय लिहून दिले असते? ‘अज्ञात इसमाने बोंबील उलटे केले.’ हसू येते आणि पाठीत गारठाही उतरतो. तिने वलांडी स्वतः घातली होती, हात तिचा होता, त्यामुळे कोणाचा तरी हात तिच्या हातावरून फिरून गेला आहे हे फक्त तिला कळते.

दुसरा प्रसंग बोटीवरचा. किनारा दूर गेला की मोबाईलची रेंज जाते आणि बोटी वायरलेसवर बोलतात. तो फोनसारखा खासगी नसतो. एकाच चॅनेलवर आजूबाजूच्या सगळ्या बोटी ऐकत असतात. चौथ्या दिवशी रात्री दुसऱ्या बोटीवरचा कोणी सहज, थट्टेच्या सुरात, आपल्या नायकाला सांगतो की तुझ्या घरी दिवा लावायला पाहुणे असतात म्हणे. चॅनेलवर क्षणभर कोणीच बोलत नाही. मग कोणीतरी मासळीचा भाव विचारतो. जाळे ओढायला अजून दोन तास आहेत, घर पन्नास मैलांवर आहे, आणि ही गोष्ट किनाऱ्यावर कोणी पेरली हे वाचकाला ठाऊक असूनही नवऱ्याला ठाऊक नाही. विराटाच्या सभेत कंक जसा बसून राहिला तसा हाही बसून राहतो, आणि पुढची तीन प्रकरणे आपण त्याच्यावर चिडत राहतो. लेखिकेला तेच हवे आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला दीडशेहून जास्त घोळ मासे मिळाले, आणि त्यांच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, असलेल्या मागणीमुळे लिलाव सव्वा कोटीच्या वर गेला, ही बातमी वाचकांना आठवत असेल. कादंबरीतल्या जोडप्याला अशी लॉटरी लागत नाही. पण त्या बातमीनंतर गावात प्रत्येक बोटीच्या कमाईबद्दल जी कुजबुज सुरू झाली ती इथे पार्श्वभूमीला आहे. या दोघांना बरे दिवस येत आहेत हे लोकांना दिसते, आणि त्यामुळे त्यांच्या त्रासाबद्दल फारशी कळकळ कोणाला वाटत नाही. मत्सराचा हा पदर लेखिकेने अगदी हलक्या हाताने ठेवला आहे. मला तो अजून थोडा हवा होता.

मोबाईलचा उपयोगही संयमाने केला आहे. हल्लीच्या थरारकथा अर्ध्या स्क्रीनवर घडतात; इथे फोन आहे, पण तो गावातल्या डोळ्यांत आणखी एका डोळ्याची भर घालतो इतकेच. ती रात्री दोनला ‘ऑनलाइन’ दिसली हे त्याला कळते, आणि सकाळी तिच्या जावेला. या नजरेविरुद्धच्या कायद्याची गंमत अशी की विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली ती आणि पाठलागाच्या कलमावर राष्ट्रपतींची सही झाली ती, दोन्ही एप्रिल २०१३ मधलीच. लोकलने या पट्ट्यातल्या बाईला कामाची जागा निवडायची मुभा दिली, घरून निघायची वेळ निवडायची मुभा दिली. कलम मात्र बोईसरच्या फलाटावरून कोळीवाड्यापर्यंत चालत पोचायला फार वेळ घेत आहे.

संवादांत मांगेली बोली आहे, ती सुरुवातीला अडेल. अडू द्यावी; दहा-बारा पानांत कान बसतो. लेखिकेने शब्दार्थांची यादी जोडलेली नाही हे मला बरे वाटले.

एका बाबतीत मात्र आमचे पटलेले नाही. तपास करणारी पोलिस अधिकारी मला जास्तच समजूतदार वाटते. पहिल्याच भेटीत ती बोंबलांची गोष्ट न हसता ऐकून घेते, जबाबात जशीच्या तशी लिहून घेते, आणि नवऱ्याला बाहेर बसायला सांगते. मी म्हटले, सिनकर वाचलेल्या माणसाला हे पचणार नाही. लेखिकेचे उत्तर असे होते की प्रत्येक ठाण्यात निर्ढावलेलाच माणूस भेटतो असे लिहीत राहिलो तर हे पुस्तक वाचणारी एखादी बाई ठाण्याची पायरी चढणारच नाही. हा मुद्दा कलेचा नाही, आणि मला तो खोडताही आला नाही. तरीही ते प्रकरण पुन्हा लिहावे असे मी दोनदा सुचवले. ते होते तसेच छापले आहे.